फुगा बंद होईपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीच्या मेंदूतल्या धमनीवर जो फुगा होता, तो उपचार झाला त्या दिवशी बंद झालाच नाही. डॉक्टर कॅथलॅबमधून, म्हणजे धमनीतून नळी घालून उपचार करतात त्या खोलीतून, बाहेर आले ते हसतच. "छान झालं, अगदी हवं तसं," म्हणाले आणि आम्हाला पडद्यापाशी नेऊन चित्र दाखवलं. चित्रात फुगा होता तिथेच होता, होता तेवढाच होता. भाऊजींना राहवलं नाही. "पण डॉक्टर, हा तर अजून दिसतोय!"

"दिसणारच. आज बंद व्हावा अशी अपेक्षाच नाही. आता पुढचं काम त्यांच्या शरीराचं."

ऑपरेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काही वेगळंच येतं. काहीतरी बिघडलेलं असतं, कुणी कुशल माणूस आत जाऊन ते काढतो, शिवतो, बांधतो आणि हात धुऊन मोकळा होतो. मेंदूतल्या अशा फुग्यावर, म्हणजे ॲन्युरिझमवर, हल्ली जी उपकरणं वापरतात त्यांची रीत ही नव्हे. ती थोडं काम करतात आणि उरलेलं रक्तावर, पेशींवर, पुढच्या महिन्यांवर सोपवतात. मला हे आधी खटकलं, मग हळूहळू पटलं. आता तर वाटतं, या उपचाराचं सगळं शहाणपण आणि सगळी धाकधूक या एकाच गोष्टीत आहे.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं. थॉमस विलिस या इंग्लिश वैद्याने १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. या कड्यावर आणि त्याच्या आसपास धमन्यांना जिथे फाटे फुटतात किंवा वळणं येतात, तिथे रक्ताचा मारा भिंतीवर सारखा बसत राहतो. मेंदूतल्या धमन्यांच्या भिंती मुळात पातळ. बाकी शरीरातल्या धमन्यांना असतो तसा बाहेरचा लवचीक पडदा त्यांना नसतो, आणि भोवताली आधाराला स्नायूही नाहीत. वर्षानुवर्षं मार खाऊन एखादी जागा दबते आणि बाहेरच्या बाजूला फुगते. शंभर प्रौढ माणसांत साधारण तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो. त्यातल्या बहुतेकांना तो कधी कळतही नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने माणूस म्हातारा होऊन जातो. ज्यांचा फुटतो त्यांची गोष्ट वेगळी. एका क्षणात जन्मात कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान, हरपलेली शुद्ध. काही जण तर इस्पितळापर्यंत पोचतच नाहीत.

ताईचा फुटलेला नव्हता. चक्कर येते म्हणून एमआरआय केला. चक्कर कानाची निघाली, ती औषधाने आठवड्याभरात थांबलीही. पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ होती: डाव्या कॅरोटिड धमनीवर (मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी ती), डोळ्याच्या मागच्या बाजूला, ११ मिलिमीटरचा फुगा, तोंड रुंद. काहीही दुखत नसलेल्या, स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या बाईला हे सांगण्यात आलं.

दुखत असतं तेव्हा निर्णय सोपा असतो. इथे दुखणं नाही, आहेत ते फक्त आकडे. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, न फुटलेल्या फुग्यांचं पुढे काय होतं ते पाहिलं होतं. मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवरचे ७ ते १२ मिलिमीटरचे फुगे पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण निघालं २.६ टक्के. २५ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या फुग्यांचं तेच प्रमाण ४० टक्के. आणि ७ पेक्षा लहान, आधी कधी रक्तस्राव न झालेल्या माणसातले, जवळजवळ फुटलेच नाहीत. दुसऱ्या पारड्यात उपचाराचा धोका. १२ मिलिमीटरपर्यंतच्या फुग्यांवर फ्लो डायव्हर्टर, म्हणजे रक्ताचा प्रवाह वळवणारी जाळीची नळी, वापरून 'प्रीमियर' नावाचा अभ्यास झाला, त्यातल्या १४१ रुग्णांत मोठा पक्षाघात किंवा मृत्यू वर्षभरात सुमारे २ टक्के लोकांच्या वाट्याला आला.

२.६ आणि २. कागदावर फिट्टंफाट. पण ते २.६ पाच वर्षांचे, आणि ताई बावन्न वर्षांची. धोका दर वर्षी तेवढाच राहतो असं धरून पुढची पंचवीस-तीस वर्षं मोजली तर पारडं झुकतं. उलट ते २ टक्के आगाऊ आणि एकरकमी भरायचे, आज धडधाकट असताना. डॉक्टरांनी हे सगळं मांडलं आणि गप्प बसले. ताई म्हणाली, "तुमची बहीण असती तर?" हा प्रश्न त्यांना रोज कुणी ना कुणी विचारत असणार. ते म्हणाले, "बहिणीचा स्वभाव बघितला असता. काही माणसं फुगा घेऊन शांत झोपतात, काहींना झोप लागत नाही." मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. ताईला मात्र तेवढंच हवं होतं. तिला झोप लागत नव्हतीच.

खरं तर 'आज केलं, आज संपलं' असाही एक उपचार आहे, आणि तो जुना आहे. वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने १९३७ साली बॉल्टिमोरमध्ये कवटी उघडून एका फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप लावली आणि फुगा धमनीपासून तोडला. पुढे सूक्ष्मदर्शक आले, टायटॅनियमच्या क्लिपा आल्या, हात सफाईदार झाले, पण कल्पना तीच. क्लिप नीट बसली की फुगा त्याच टेबलावर संपतो. क्लिप लावणारे सर्जन या बाबतीत थोडे ठसक्यात बोलतात, आणि तो ठसका रास्त आहे. काही जागांवरचे फुगे आजही क्लिपनेच उत्तम बंद होतात. ताईची जागा मात्र अडचणीची होती, कवटीच्या तळाच्या हाडाला लागून, डोळ्याच्या नसेशेजारी.

धमनीच्या आतून जाण्याची वाट त्यामानाने अलीकडची. तिच्या आधी आतलं दिसणं गरजेचं होतं, ती सोय पोर्तुगालच्या एगास मोनिझने १९२७ साली मेंदूची अँजिओग्राफी, म्हणजे डाय सोडून क्ष-किरणांत धमन्या पाहण्याची तपासणी, करून दाखवली तेव्हा झाली. मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेंकोने सत्तरच्या दशकात कॅथेटरच्या, म्हणजे धमनीतून आत नेतात त्या बारीक नळीच्या, टोकाला सुटा होणारा छोटा रबरी फुगा लावून तो रोगट जागेत नेऊन सोडायला सुरुवात केली. मे दिनाच्या मिरवणुकीत दोरीला बांधलेले फुगे पाहून त्याला हे सुचलं असं सांगतात. खरंखोटं तो जाणे, पण गोष्ट छान आहे. त्या पद्धतीची अडचण अशी की रबरी फुगा स्वतःचा आकार सोडत नाही, आणि धमनीवरचे फुगे तर वेडेवाकडे. भिंतीवर भलत्या ठिकाणी ताण येतो.

ग्वीदो ग्युलिएल्मी या इटालियन डॉक्टरची गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. तो फुग्यात विजेची तार घालून रक्त गोठवता येतं का, याचे प्रयोग करत होता. करता करता दिसलं की वीज वाहत असताना तारेचं टोक रक्तात झिजून तुटतंय. दुसऱ्या एखाद्याने याला बिघाड म्हटलं असतं. ग्युलिएल्मीने त्यातून सोडवणूक काढली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इंजिनिअरांबरोबर बसून त्याने प्लॅटिनमची अतिशय मऊ कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, पोलादी तारेच्या टोकाला जोडली. कॉइल फुग्यात घालायची, नीट बसली नाही तर मागे ओढून पुन्हा घालायची. मनासारखी बसली की तारेतून एक मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे अगदी नावाला, वीज सोडायची. जोडावरचं उघडं पोलाद रक्तात विरघळतं, प्लॅटिनमला काही होत नाही, आणि कॉइल धक्का न लागता सुटते. १९९० साली ही पहिल्यांदा माणसात वापरली गेली, १९९५ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

सोडायचं की नाही हे ठरवण्याची मुभा शेवटच्या क्षणापर्यंत हातात राहते, हे त्यातलं खरं यश. बारीक उपकरणांच्या जगात ताकदीपेक्षा 'परत घेता येणं' मोठं असतं.

कॉइलने फुगा 'भरतात' असं आपण म्हणतो. तो भरत नाही. एकामागून एक कॉइल घालून, आणखी एकही मावत नाही अशी वेळ आली, तरी फुग्याच्या पोकळीचा साधारण चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा धातूने व्यापलेला असतो. बाकी जागेत रक्तच असतं. वेटोळ्यांमध्ये अडकून ते मंदावतं, गोठतं आणि त्या गुठळीचं पुढे तंतुमय ऊतकात रूपांतर होतं. बंद करतं ते रक्त. धातू फक्त त्याला थांबायला भाग पाडतो. म्हणूनच कधीकधी रक्ताच्या ठोक्यांनी कॉइल दबतात, तोंडाशी पुन्हा जागा होते आणि नव्याने काम करावं लागतं. म्हणून पुनःपुन्हा तपासण्या.

फुटलेल्या फुग्यांच्या बाबतीत कॉइल आणि क्लिप यांची तुलना करणारा 'आयसॅट' अभ्यास २००२ साली आला. त्यात २१४३ रुग्ण होते. वर्षाअखेर मृत्यू आलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचं प्रमाण कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के होतं, क्लिपच्या गटात सुमारे ३१. फरक इतका स्पष्ट की नवे रुग्ण घेणं मध्येच थांबवण्यात आलं. या अभ्यासाचा दाखला देताना लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. दोन्ही उपाय सारखेच चालतील असं ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना वाटलं, तेवढेच रुग्ण त्यात घेतले होते. सरसकट 'कॉइल जिंकली' असा निकाल त्यातून काढता येत नाही.

ताईच्या फुग्याचं तोंड रुंद होतं. रुंद तोंडातून कॉइल बाहेर धमनीत ओघळते. तिथे स्टेंटचा आधार देतात, काही ठिकाणी फाट्यावरच्या फुग्यात तारांनी विणलेली एक गोल टोपली बसवतात. तिच्यासाठी ठरला तो फ्लो डायव्हर्टर.

ओपीडीत डॉक्टरांनी त्याचा नमुना हातात दिला होता. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाडीची जाळीची नळी. ४८ तारा एकमेकींत विणलेल्या, प्रत्येक तार केसाहून बारीक. बहुतेक तारा कोबाल्ट-क्रोमियमच्या, काही प्लॅटिनम-टंगस्टनच्या, म्हणजे क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून. मी दोन्ही टोकं धरून ताणली तर नळी लांब आणि बारीक झाली, सोडली तर आखूड आणि जाड. हे पाहायला गमतीचं, पण हीच तिची कटकट. कॅथेटरमध्ये ती ताणलेली असते, धमनीत सुटली की आखडते. किती आखडेल हे धमनीच्या रुंदीवर अवलंबून. त्यामुळे किती लांबीची निवडायची आणि कुठून सोडायला सुरुवात करायची याचा हिशेब आधीच करावा लागतो.

ही जाळी फुग्यात जात नाही. ती मूळ धमनीत, फुग्याच्या तोंडावरून आडवी बसते. फुग्याला कुणी हातही लावत नाही. जाळीचा धातू भिंतीचा जेमतेम तिसरा भाग झाकतो, बाकी सगळी भोकंच. मी विचारलं, मग त्या भोकांतून रक्त फुग्यात जाणार नाही का? जातं की, म्हणाले. पण पहिल्यासारख्या जोराने नाही. आत भोवरा मंदावतो, रक्त साचतं, साचलेलं गोठतं. आणि जाळीच्या तारांवरून धमनीचं आतलं अस्तर, त्याच्या पेशी, कडेकडेने सरकत वाढत जातात. काही महिन्यांत फुग्याच्या तोंडावर नवी भिंत तयार होते. ती भिंत धातूची नसते, तिची स्वतःची असते.

माझा पुढचा प्रश्न भाऊजींनीच विचारला. तिथून डोळ्याकडे जाणारी बारीक धमनीही निघते, जाळी तिच्याही तोंडावर येणार. मग ती नाही का बंद होणार? याचं उत्तर ऐकलं आणि हे उपकरण कुणी नुसतं बनवलेलं नाही, विचारपूर्वक योजलेलं आहे हे लक्षात आलं. डोळ्याकडे जाणारी धमनी हा वाहता रस्ता आहे, फुगा ही बंद गल्ली. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला रक्ताची मागणी आहे, दाब कमी आहे, त्यामुळे जाळीतूनही रक्त तिकडे ओढलं जातं. गल्लीला पलीकडे काही नाही. आत आलेल्या रक्ताला बाहेर पडायला तेच तोंड. येणं-जाणं जरा अवघड केलं की तिथली वर्दळ आपोआप थांबते. सारखीच जाळी, सारखीच भोकं. एक वाट जगते आणि एक मिटते. अपवाद असतात, काही वेळा बारीक फांदीही बंद होते, पण डोळ्याला बहुधा दुसरीकडूनही रक्त मिळत असतं.

प्रत्यक्ष काम मनगटातून झालं. हल्ली पुष्कळदा मनगटातून करतात, नाहीतर जांघेतून. पूर्ण भूल, कारण डोकं तसूभरही हलून चालत नाही. मोठ्या कॅथेटरच्या आत मधला, त्याच्या आत मायक्रोकॅथेटर, ज्याच्या आतली पोकळी मिलिमीटरलाही पुरत नाही. तो फुग्याच्या पलीकडे नेऊन जाळीचं पहिलं टोक उघडायचं, मग एका हाताने तार पुढे रेटायची आणि दुसऱ्या हाताने कॅथेटर मागे घ्यायचा. रेटणं जास्त झालं की जाळी दाट बसते, ओढणं जास्त झालं की विरळ. फुग्याच्या तोंडासमोर ती दाट हवी. हे सगळं मनगटापासून मेंदूपर्यंतच्या अंतरावरून, दोन दिशांच्या क्ष-किरणांची चित्रं बघत.

मग ते चित्र, ज्याने भाऊजी हबकले होते. डॉक्टरांनी तेच पुन्हा, सावकाश चालवून दाखवलं. धमनीत डाय सोडला, धमन्या काळ्या झाल्या, फुगाही काळा झाला. पुढच्या क्षणी डाय धमन्यांतून वाहून शिरांमध्ये गेला, धमन्या पुसट झाल्या. फुग्यात मात्र तळाशी काळी कोर तशीच राहिली, हलेना. आधीच्या, जाळी बसण्यापूर्वीच्या चित्रात तोच फुगा धमनीबरोबरच पुसट झाला होता. "ही कोर आम्हाला हवी होती," ते म्हणाले. "आत साचायला लागलंय."

ताईला दुसऱ्या दिवशी दाखवण्यासारखं होतं ते एवढंच: मनगटावर एक टोचल्याची खूण आणि भोवती निळाजांभळा वण. भेटायला आलेल्यांची थोडी निराशाच झाली. टाका नाही, पट्टी नाही, केस जागच्या जागी. एक नातलग तर म्हणाले, "म्हणजे फार काही नव्हतंच ना!" ताई नुसती बघत राहिली. जखम लहान असली की लोक आजारही लहान धरून चालतात, आणि बरं होणंही आटोपलं असं समजतात. 'विनाचिरफाड' या जाहिरातीतल्या शब्दाने या गैरसमजाला चांगलं खतपाणी घातलं आहे. तिचं बरं होणं तर सुरूही झालं नव्हतं.

कारण जाळी बसवली की एक पेच उभा राहतो. फुग्यात रक्त गोठायला हवं, आणि दोन मिलिमीटरवर, जाळीच्या आतल्या बाजूला, ते अजिबात गोठता कामा नये. तिथे गुठळी झाली तर ती थेट मेंदूत. म्हणून प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आधीपासून सुरू करतात. याच कारणाने फुटलेल्या फुग्यात ही जाळी शक्यतो टाळतात, रक्तस्राव चालू असताना अशा गोळ्या द्यायच्या म्हणजे आगीशी खेळ. शिवाय क्लोपिडोग्रेल सगळ्यांना लागू पडत नाही. काहींच्या यकृतात ते औषध नीट कामाला लागतच नाही, हा आनुवंशिक भाग. ताईच्या रक्ताच्या तपासणीत तेच निघालं, मग तिला टिकॅग्रेलोर दिलं, सकाळ-संध्याकाळ.

त्या गोळीने तिला मधूनच श्वास पुरेना. हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे, त्याने फुप्फुसाला इजा होत नाही, हे सगळं समजावून सांगितलेलं. पण रात्री पडल्या पडल्या दीर्घ श्वास घ्यावासा वाटला की समजावलेलं आठवत नाही. हातांवर कुठे काय लागलं ते कळायच्या आत निळे डाग. दात घासताना बेसिनमध्ये लाल. एक दाढ किडली होती, दंतवैद्याने गोळ्यांची नावं वाचली आणि खुर्ची पुन्हा सरळ केली. "मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय मी काढणार नाही." मेंदूचे डॉक्टर म्हणाले, "गोळी एक दिवसही बंद नाही. दाढ थांबेल." आणि दाढ खरंच महिनोन्महिने थांबली, ठणकत ठणकत.

त्या काळात तिने मला एकदा सांगितलं, "मला फुग्याची भीती वाटत नाही गं आता. गोळी विसरण्याची वाटते." तिच्या फोनला दिवसातून दोनदा गजर लागे, आणि भाऊजींच्याही फोनला. मला वाटतं, या उपचाराचा हा भाग कुणी नीट सांगत नाही. सर्जनच्या हातातलं कौशल्य काही तासांचं. नंतरचे कित्येक महिने तो उपचार एका सामान्य माणसाच्या नियमितपणावर चालतो. जे काम पूर्वी चाकूने एका सकाळी व्हायचं ते नाहीसं झालेलं नाही, पसरलं आहे. कवटीची जखम वाचली, त्याबदल्यात कित्येक महिने जपून राहणं आलं. सौदा चांगलाच आहे. पण तो सौदा आहे.

सहा महिन्यांच्या अँजिओग्राफीत फुगा लहान झाला होता, गेला नव्हता. तोंडाशी वाटाण्याच्या अर्ध्याएवढा काळा ठिपका शिल्लक. आम्ही सगळे हिरमुसलो. डॉक्टर मजेत. त्यांनी 'पफ्स' नावाच्या जुन्या अभ्यासातले आकडे सांगितले. मोठ्या, रुंद तोंडाच्या फुग्यांवर ही जाळी वापरली होती. सहा महिन्यांनी पूर्ण बंद ७४ टक्के, वर्षाने ८७, पाच वर्षांनी ९५. याच अभ्यासावर २०११ साली अमेरिकेत या जाळीला मान्यता मिळाली. मला त्या आकड्यांची दिशा फार आवडली. माणसाने घडवलेल्या बहुतेक दुरुस्त्या काळाबरोबर सैल होतात. ही घट्ट होत जाते, कारण पहिल्या दिवसानंतर दुरुस्ती करणारा माणूस नसतोच.

वर्षाने ठिपका गेला. टिकॅग्रेलोर बंद झाली, ॲस्पिरिन चालू राहिली, दाढ निघाली.

या सगळ्यात आम्हा भावंडांनाही प्रश्न पडला, आपल्या डोक्यात काय आहे? हे फुगे काही घराण्यांत आढळतात. सख्ख्या नात्यात दोघांना किंवा जास्त जणांना असतील तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं असं सांगतात. एकालाच असेल तर सहसा गरज नाही, आणि गरज नसताना बघितलं की तीन मिलिमीटरचं काहीतरी सापडतं, ज्याला कुणी हात लावणार नाही आणि जे मनातून जाणारही नाही. त्यापेक्षा रक्तदाब ताब्यात ठेवा आणि सिगारेट सोडा, हे दोन्ही फुग्याच्या जन्माला आणि फुटण्याला कारण होतात, असं डॉक्टर म्हणाले. मी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलं, स्कॅन केला नाही, करणारही नाही. धाकट्या भावाला मात्र स्कॅन हवाच आहे, लवकरात लवकर. सिगारेटचं नाव काढलं की विषय बदलतो.